नॉर्मनची आठचाकी

नॉर्मनला त्याची जुनी लॉरी सापडल्याचा फोन आला तेव्हा माझी बहीण बेरिल सिंकपाशी उभी राहून बटाटे सोलत होती. रविवार होता, मी नेहमीसारखा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बाहेर पॅसेजमध्ये नॉर्मन फोनवर नुसता "हो... हो... कुठं?... हो" एवढंच करत होता. मग तो आत आला आणि दारातच थांबला. चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

बेरिलला वाटलं, कुणीतरी गेलं. "कोण रे?" तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"ती आहे," नॉर्मन म्हणाला. "वेल्समध्ये. एका दगडाच्या खाणीत. अजून उभी आहे."

"कोण उभी आहे?"

"माझी ॲटकिन्सन."

बेरिलनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुरी पुन्हा उचलली. "देवा! मला वाटलं तुझी बहीण गेली. लॉरी, ऐकलंस ना? याची तरुणपणातली मैत्रीण सापडली. आणि अजून उभी आहे म्हणे! माझे गुडघे बघ."

लॉरी हे माझंच नाव. लॉरेन्सचं लॉरी. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ लॉऱ्यांशिवाय दुसरा विषय नाही, तिथं असलं नाव घेऊन वावरणं सोपं नव्हतं. नॉर्मनचे दोस्त मला बघितलं की विचारायचे, "काय, आज किती टन?" मी आयुष्यभर केंडलमध्ये बुटांच्या कारखान्यात काम केलं. पाना कुठल्या बाजूनं धरायचा हेसुद्धा मला नॉर्मननं शिकवलं, आणि तेही मला नीट आलं नाही.

त्या ॲटकिन्सन कंपनीच्या लॉरीची गोष्ट सांगायची तर शॅपच्या चढापासून सुरुवात करायला हवी. मोटरवे व्हायच्या आधी स्कॉटलंडला जाणारा सगळा माल आमच्या केंडलमधून जायचा आणि गावाबाहेर पडल्यावर शॅपचा डोंगर चढायचा. हिवाळ्यात त्या डोंगरानं भल्याभल्यांना रडवलंय. भरलेली आठचाकी लॉरी तो चढ इतक्या हळू चढायची की ड्रायव्हरचा जोडीदार खाली उतरून, लघवी करून, चालत पुन्हा तिला गाठायचा. चढ सुरू होतो तिथं मिसेस गार्नेटचं कॅफे होतं आणि त्या कॅफेत बेरिल चहा द्यायची. तेव्हा ती विशीतसुद्धा नव्हती. जीभ मात्र आत्ता होती तशीच.

नॉर्मन एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. दक्षिणेतून कागदाची रिळं भरायची आणि ग्लासगोला पोचवायची. लाजरा माणूस. बाकीचे ड्रायव्हर बेरिलशी चावटपणा करायचे, हा कोपऱ्यात बसून कपात बघायचा. मग एका हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला आणि डझनभर ड्रायव्हर कॅफेत अडकले. इतर सगळे पत्ते खेळत आणि शिव्या देत बसले. नॉर्मन उठला, मागं स्वयंपाकघरात गेला आणि न विचारता भांडी घासायला लागला. रस्ता मोकळा होईपर्यंत तो तिथंच होता. बेरिल घरी आली तेव्हा आईला म्हणाली, "मी एका ड्रायव्हरशी लग्न करणार आहे. त्याला अजून माहीत नाही."

पुढं ती त्याच्या गाडीचा आवाज ओळखायला लागली. मला हे खोटं वाटायचं, म्हणून मी एकदा मुद्दाम कॅफेत जाऊन बसलो. एकामागून एक गाड्या चढाला लागत होत्या. सगळ्यांचा तोच घरघराट. बेरिल पाठमोरी पाव कापत होती. मध्येच तिनं पाव ठेवला, कप काढला, त्यात तीन चमचे साखर टाकली. मी खिडकीतून बघतो तर हिरवी ॲटकिन्सन वळण घेऊन आत येत होती. "तो गिअर बदलताना थोडा थांबतो," ती म्हणाली. "कुणाची झोप मोडू नये असा."

मग मोटरवे झाला. कॅफेचा धंदा बसला, मिसेस गार्नेट बहिणीकडे राहायला गेल्या. ठेकेदारानं जुन्या गाड्या विकल्या. नॉर्मन निवृत्त होईपर्यंत वेगवेगळ्या लॉऱ्या चालवत राहिला. त्यांत हीटर होता, रेडिओ होता, बसायला गुबगुबीत सीट होती. त्यांच्याबद्दल तो कधी चार वाक्यं बोलला नाही. बोलला तो फक्त त्या हिरव्या गाडीबद्दल.

ती वेल्समधून दुसऱ्या गाडीवर लादून आली तेव्हा मी तिथं होतो. काय सांगू! पुढच्या काचा नव्हत्या. केबिनची लाकडी चौकट कुजून भुसा झाली होती आणि ड्रायव्हरच्या पायाशी बर्चचं एक झाड उगवलं होतं, चांगलं माझ्या छातीएवढं. बेरिलनं गाडीभोवती एक फेरी मारली. "नॉर्मन, ही लॉरी नाही. ही बाग आहे."

पण नॉर्मनला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. दारावरचा खाणीचा पिवळा रंग तो अंगठ्याच्या नखानं खरवडत होता. खालून हिरवा रंग निघाला, मग ठेकेदाराच्या नावातलं एक सोनेरी अक्षर निघालं, आणि हा साठी उलटलेला माणूस तिथं चिखलात उभा राहून रडायला लागला. बेरिलनं आपला रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि आमच्या मोटारीत जाऊन बसली.

सेलसाइडच्या एका शेतकऱ्यानं त्याचं कोठार दिलं. त्यात ते काम कित्येक वर्षं चाललं. नॉर्मन, मी आणि आणखी दोघं. एक अल्फ कॅपस्टिक, नॉर्मनसारखाच जुना ड्रायव्हर. त्याचं तोंड बंद करायला त्यात खायला काहीतरी कोंबावं लागायचं. दुसरा हम्फ्री. त्यानं जन्मात कधी लॉरी चालवली नव्हती. त्याचं औषधांचं दुकान होतं. पण लहानपणी तो रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्या लॉऱ्या बघायचा, आणि ते वेड त्याच्या डोक्यातून गेलं नाही ते नाहीच. बायको वारल्यावर तर तो या कोठारातच राहायला आल्यासारखा झाला. यंत्रातलं बारीक काम त्याच्याकडे असायचं. माझ्याकडे घासकागद आणि किटली.

बातमी पसरली तसे आसपासचे म्हातारे यायला लागले. कुणी काठी टेकत, कुणी मुलीच्या गाडीतून. यायचे, गाडीच्या नाकाडावरून हात फिरवायचे आणि बोलायला लागायचे. इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला. त्यामुळं डावा पाय भाजायचा आणि उजवा गोठायचा. इंजिनाच्या झाकणावर डबा ठेवला की कार्लाइल येईपर्यंत जेवण गरम व्हायचं. गुडघ्यांभोवती पोती गुंडाळायची. उताराला ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घ्यायचं. प्रत्येकाची तीच गोष्ट आणि प्रत्येकाला वाटायचं ती फक्त आपलीच आहे. त्या मोठ्या बर्फाच्या वेळी तर प्रत्येकानं एकट्यानंच रस्ता साफ केला होता.

शनिवारी बेरिल जेवण घेऊन यायची आणि हे ऐकत उभी राहायची. "मी होते ना तिथं," ती म्हणायची. "एकानंही फावडं उचललं नाही. सगळे माझा चहा पीत बसले होते."

"मी उचललं होतं, बेरिल," अल्फ म्हणायचा.

"तू फावड्यावर बसला होतास, अल्फ. जमीन गार म्हणून."

सगळ्यांत जास्त नॉर्मन हसायचा. त्या वर्षांत मी त्या दोघांना जितकं सुखी बघितलं तितकं आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक झालं होतं आणि जगलं नव्हतं, त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत. आता दोघांना मिळून वाट बघायला काहीतरी होतं.

मग एका शरद ऋतूत बेरिलची पाठ दुखायला लागली. तिला वाटलं, गादी जुनी झाली. नवी गादी आणली. ख्रिसमसच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं नाव घेतलं. पसरला होता. करण्यासारखं फारसं नव्हतं. ती तरुण डॉक्टरीणबाई फार सावकाश, नीट सांगत होती आणि नॉर्मन तिच्या टेबलावरच्या पेनांच्या कपाकडे बघत होता.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत आम्ही तिघं उभे होतो. पाऊस भुरभुरत होता. नॉर्मन आमची गाडी सोडून शेजारच्याच गाडीला किल्ली लावत होता. ते बघून बेरिल म्हणाली, "असं करू नकोस. त्यापेक्षा ती तुझी गाडी लवकर तयार कर. मला एकदा शॅपवरून फिरवून आण. त्यातून कधी नेलंच नाहीस तू मला. मालकाची भीती होती म्हणे."

ती हे तो सावरावा म्हणून बोलली. मला कळलं. पण नॉर्मननं मान वर केली, आणि बुडणाऱ्याला दोर दिसावा तसा तो तिच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो कोठारात उजाडताच जायला लागला. पूर्वी दुपारी जेवायला घरी यायचा, आता डबा न्यायला लागला. केबिन झाली, काचा बसल्या, इंजिन हम्फ्रीनं जोडत आणलं. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा इतका दमलेला असायचा की खुर्चीतच झोपी जायचा. बेरिल पलीकडच्या कोचावर पांघरूण घेऊन त्याच्याकडे बघत असायची.

दिवसा तिच्याजवळ मी असायचो. नर्स यायची, औषध देऊन जायची. खिडकीतून मागची बाग दिसायची, त्यात बेरिलनं लावलेली कोबीची रांग बर्फानं झोपलेली. एकदा मी तिला सूप भरवत होतो. तिनं तोंड फिरवलं. "मी उगाच बोलले, लॉरी."

"काय?"

"ते गाडीचं. मला नाही जायचं कुठं. या थंडीत त्या खोक्यात बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची मला काय हौस आहे?" तिनं पांघरूण वर ओढलं. "तो इथं हवाय मला. नुसता बसलेला. पेपर वाचत बसला तरी चालेल. मोठ्यानं वाचतो ना तो, ते मला आवडत नाही. तरी चालेल."

"मग सांग ना त्याला. नाहीतर मी सांगतो. आत्ता जातो."

"नाही." तिनं माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण धरलं. "तू सांगायचं नाहीस. इथं बसवला तर तो मला बघत बसेल. दिवसभर. आणि त्याला ते झेपणार नाही. तिथं त्याच्या हातात पाना आहे तोवर तो उभा आहे. राहू दे."

मी राहू दिलं. तिच्या इच्छेबाहेर मी लहानपणीही कधी गेलो नव्हतो.

फेब्रुवारीत गाडी जवळजवळ तयार झाली आणि गिअरबॉक्सनं दगा दिला. आतलं एक मुख्य चाक तडकलं होतं. तसलं आता कुठं बनत नाही. अल्फनं इकडंतिकडं फोन केले आणि ॲबरडीनच्या पलीकडे एका माणसाकडे अख्खा गिअरबॉक्स पडून असल्याचं कळलं. नॉर्मननं शेतकऱ्याची व्हॅन मागून घेतली. ज्या सकाळी तो निघायचा होता त्या सकाळी बेरिलचा रंग बदललेला होता. नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस थोडे आहेत. मी नॉर्मनला सांगितलं. अगदी याच शब्दांत.

"म्हणूनच आज जायला हवं," तो म्हणाला.

"नॉर्मन, तो बॉक्स कुठं पळून जातोय?"

"बॉक्स नाही पळून जात," तो म्हणाला आणि कोट चढवायला लागला.

तो तिच्या खोलीत गेला. मी दारात होतो. त्यानं वाकून तिच्या कपाळावर ओठ टेकले. "उद्या बसवतो. परवा तू आणि मी," तो म्हणाला.

"आज नको जाऊस," बेरिल म्हणाली.

फार हळू म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तो वाकलेलाच राहिला क्षणभर. मला वाटलं, थांबला. मग तो तिचं पांघरूण नीट करत म्हणाला, "आलोच गं मी. उद्या दुपारी इथं असेन." आणि गेला. व्हॅन गल्लीतून वळेपर्यंत बेरिल कान देऊन होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचा श्वास बदलला. मी नॉर्मनला फोन करत होतो आणि तो लागत नव्हता. त्या डोंगरांमधून कधी लागतच नाही. पुढं केव्हातरी लागला. मी म्हणालो, "लवकर ये." पलीकडून फक्त इंजिनाचा आवाज वाढलेला ऐकू आला.

बेरिल अधूनमधून डोळे उघडायची. बाहेरून कुठलीही गाडी गेली की तिची मान दाराकडे वळायची. दूधवाल्याची गाडी. शेजाऱ्यांची. कचऱ्याची. "आला?" ती विचारायची. "येतोय," मी सांगायचो. दुपार सरली तशी ती विचारायची थांबली. माझा हात तिच्या हातात होता. तिनं एकदा दीर्घ श्वास घेतला, मी पुढच्याची वाट बघत राहिलो आणि पुढचा आला नाही.

नर्सनं तिचे केस विंचरले, चादर बदलली. अंधार पडायला लागला होता तेव्हा व्हॅन आली. नॉर्मन मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला. हात कोपरापर्यंत काळे. गिअरबॉक्स उचलताना माखले असतील. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"थांब," तो म्हणाला. "हात धुऊन येतो. असल्या हातांनी जवळ येऊ देत नाही ती."

"नॉर्मन."

"एक मिनिट, लॉरी."

त्यानं नळ सोडला. साबण घेतला, बोटं घासली, नखं घासली, ब्रशनं पुन्हा घासली. पाणी काळं, मग करडं, मग स्वच्छ वाहायला लागलं, तरी तो घासतच होता. तेव्हा मला कळलं की याला कळलंय. घरात पाऊल टाकलं तेव्हाच कळलंय. जोवर तो हात धूत होता तोवर त्याला आत जावं लागणार नव्हतं. मी जाऊन नळ बंद केला आणि टॉवेल त्याच्या हातात दिला. त्यानं एकेक बोट पुसलं. मग तो आत गेला आणि मी दार ओढून घेतलं.

दफनाच्या दिवशी नॉर्मन ताठ उभा होता. सगळ्यांशी हात मिळवत होता, हॅम सँडविच घ्या म्हणत होता. त्यानंतर तो कोठारात गेला नाही. एकदाही नाही. आम्ही विषय काढला की तो उठून किटली ठेवायचा.

मार्च गेला, एप्रिल गेला. अल्फच्या डोक्यात आलं की आपणच ती पुरी करू. "माणूस खचलाय," तो म्हणाला. "दारात उभी करू, इंजिन चालू करू. आवाज ऐकला की उठेल बघ." हम्फ्रीला ते फारसं पटलं नव्हतं. मला पटलं होतं. मला वाटलं, बेरिलला आवडेल. हम्फ्रीनं गिअरबॉक्स बसवला, अल्फनं रंगाचा शेवटचा हात दिला, मी पितळ घासलं. मे महिन्यात एका दुपारी कोठाराचं मोठं दार उघडून ती गाडी बाहेर उन्हात आली तेव्हा आम्ही तिघं म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे ओरडलो. सुंदर दिसत होती. हिरवी, दारावर सोनेरी नाव, पुढं चकाकणारं रेडिएटर. रस्त्यानं जाताना लोक थांबून बघत होते.

अल्फ चालवत होता. नॉर्मनच्या गल्लीत शिरताना त्यानं गिअर बदलला. जुन्या माणसाचा हात, घाईनं बदलला नाही. थोडा थांबला.

नॉर्मन बागेत होता. कोबी उपटत होता. त्यानं मान वर केली आणि तिथंच गुडघ्यांवर राहिला. मी उतरून फाटकापाशी गेलो. तो हळूहळू उठला, फाटकापर्यंत आला, गाडीकडे पाहिलं. इंजिन शांतपणे घरघरत होतं. शेजारची माणसं दारांत आली होती, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"बंद कर ते," नॉर्मन म्हणाला.

अल्फला ऐकू आलं नाही. तो केबिनमधून हसत हात हलवत होता.

"अल्फ, बंद कर!" तो इतक्या जोरात ओरडला की टाळ्या वाजवणारा मागं सरकला. मी त्या माणसाचा चढलेला आवाज त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. इंजिन बंद झालं. नॉर्मन फाटकाला धरून उभा होता. "तिला ऐकू जाणार नाही ते मला कशाला ऐकवता?" एवढं म्हणून तो घरात गेला.

अल्फ खाली उतरला. "आम्ही काय वाईट केलं?" तो मला विचारत होता. हम्फ्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला नेलं.

मी आत गेलो. नॉर्मन बेरिलच्या कोचावर बसला होता. मातीचे बूट तसेच.

"ती काही म्हणाली होती का?" त्यानं विचारलं. "मी नव्हतो तेव्हा. तुला काही म्हणाली होती?"

बेरिलनं सांगू नको म्हटलं होतं. पण ते तो उभा राहावा म्हणून होतं, आणि आता तो बसला होता. मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिला शॅपवर जायचं नव्हतं. तिला तो घरी हवा होता. पेपर मोठ्यानं वाचत बसला असता तरी चाललं असतं. आणि तिनंच मला गप्प केलं होतं, कारण पान्याशिवाय तो कोसळेल असं तिला वाटत होतं.

मला वाटलं तो आता मोडून पडेल. तो बुटावरची माती नखानं खरवडायला लागला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तिला मी घरी हवाय ते. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, लॉरी. मी मूर्ख नाही." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "कोठारात असलो की ती घरी असायची. कळतंय का? स्वयंपाकघरात काहीतरी करतेय, तोंड चालू आहे, शनिवारी जेवण घेऊन येणार आहे. मी तिकडं असलो की ती बरी असायची. इथं आलो की मरत असायची. म्हणून मी येत नव्हतो." मग तो म्हणाला, "त्या दिवशी ती म्हणाली ना, आज नको जाऊस. ते मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. आणि गेलो."

मी त्याच्याशेजारी बसलो. बेरिल असती तर तिनं काहीतरी टोचून बोलून त्याला हसवलं असतं. मला ते कधी जमलं नाही. आम्ही दोघं तिच्या कोचावर बसून राहिलो, आणि थोड्या वेळानं तो रडला. मीही रडलो. दफनालासुद्धा आम्ही असे रडलो नव्हतो.

गाडी त्यानं हम्फ्रीला देऊन टाकली. अट एकच घातली, त्याच्या गल्लीतून न्यायची नाही. हम्फ्री आणि अल्फ तिला उन्हाळ्यात जत्रांना नेतात, कर्बी स्टीफनला, बार्नर्ड कॅसलला. लोक फोटो काढतात. म्हातारे येऊन नाकाडावरून हात फिरवतात. मीही कधी कधी जातो. नॉर्मन एकदाही आला नाही.

अल्फ आधी काही महिने त्याच्याकडे गेला नाही. मग नॉर्मननंच त्याला फोन करून बोलावलं. आता दोघं-तिघं आठवड्यातून एखाद्या दुपारी त्याच्याकडे जमतात. नॉर्मन त्यांना लॉऱ्यांच्या गोष्टी सांगू देतो, स्वतः सांगत नाही. ऐकतो, चहा ओततो. पण कप रिकामे झाले की उठतो आणि त्यांना घरी पाठवतो.

परवाचीच गोष्ट. अल्फ बर्फातून गाडी कशी काढली ते सांगत होता, ऐन रंगात आला होता. नॉर्मननं त्याचा कोट आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"एल्सी घरी आहे ना?" त्यानं विचारलं. एल्सी म्हणजे अल्फची बायको.

"आहे की. कुठं जाणार?"

"मग जा आता."

"अरे, गोष्ट तरी पुरी करू दे!"

"तिला जाऊन सांग."

"तिनं हजारदा ऐकलीय!"

"मग एक हजार एकदा ऐकेल. जा, अल्फ."

अल्फ पुटपुटत गेला. फाटक वाजलं. मग हम्फ्रीनंही आपली टोपी उचलली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला.

"तुझ्या घरी कोण आहे?" नॉर्मननं विचारलं.

हम्फ्री थोडा विचारात पडला, जणू खरंच कुणी आहे का आठवून बघत होता. "मांजर," तो म्हणाला.

नॉर्मननं त्याच्या हातातली टोपी काढून घेतली आणि किटलीत पुन्हा पाणी भरलं.